साडेचार तासांवरचं लंडन

बहिणीला लंडनचं स्थळ आलं, तेव्हा पोरगी एवढ्या लांब द्यायची का, यावर आमच्याकडे आठवडाभर खल चालला. शेवटी होणाऱ्या जावयाने मोबाइलवर तिकीट दाखवलं. मुंबईहून दुपारी दोनला निघायचं, संध्याकाळी साडेसहाला लंडन. आईने बोटांवर हिशोब केला आणि होकार देऊन टाकला. साडेचारच तास! कसाऱ्याला ट्रक आडवा झाला तर नाशिकहून मुंबईला पोचायलाही तेवढेच लागतात.

तिकडचं घड्याळ मागे असतं, विमानात दहा तास जातात, अंतर सात हजार किलोमीटरच्या वर आहे, हे मी तिला कितीदा तरी समजावलं. "घड्याळ मागं असेल, माणूस थोडाच मागं राहतो," असं म्हणून ती गुलाबांच्या जुड्या बांधायला बसायची. आमचा गंगापूर रोडच्या पुढे फुलांचा मळा आहे. पहाटे खुडलेलं फूल किती वेळ टिकेल हे तिला नुसत्या स्पर्शाने कळतं, त्यामुळे तिला वेळेचं गणित जमत नाही असं मी म्हणणार नाही. तिला ते करायचंच नव्हतं.

मग बहिणीला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरीच, यात चर्चेला जागा नव्हती. आईने खोली रंगवून घेतली, डिंक, अळीव आणून ठेवले. सहाव्या महिन्यात बहिणीचा फोन आला की रक्तदाब वाढलाय, डॉक्टर प्रवासाला नाही म्हणतात. आई भडकली. "सुरगाण्याच्या बाया दिवस भरल्यावर जीपमधून नाशिकला येतात, अन् हिला साडेचार तास बसवत नाय?"

पलीकडे बहीण रडायला लागली. आईने फोन माझ्या हातात दिला आणि मळ्यात निघून गेली. परतली ती पासपोर्टचं विचारतच. "तिला येता येत नाय ना, मग मी जाते."

पासपोर्ट, व्हिसा होईस्तोवर आठवा लागला. ओझरहून उडालेली विमानं मान वर करून बघायची, एवढाच तिचा विमानाशी संबंध. विमानतळाच्या दारात मी तिला पुन्हा सूचना द्यायला लागलो, तर मलाच म्हणाली, "तू नीघ आता, घाटात गर्दी व्हायच्या आत घरी पोच." ती लाडवांची बॅग ढकलत आत गेली. मला मात्र दिवसभर घास गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा फोन आला. आवाज अगदी दबका होता. बहीण शेजारीच झोपली होती.

"पाय लय सुजलेत तिचे," आई म्हणाली. "एकटीच करत होती सगळं. बोलली नाय कधी."

"तुझा प्रवास कसा झाला?"

"खिडकीतून बघत होते. डोंगर सरले का पाणी, पाणी सरलं का परत डोंगर. डुलकी लागून उठले तरी आपलं चालूच." मग तिचा आवाज आणखी खाली आला.

"पोरगी लय लांब दिली रे आपण."

अंतर मला पहिल्यापासून पाठ होतं, तरी रडू आलं ते तेव्हाच.