तीन इंचांची मोकळी जागा

आमचा गुरुनाथ मूळचा नागपूरचा. अमेरिकेत चँडलरच्या एका चिप कारखान्यात एकोणीस वर्षं मोजमापं करतोय, तीही केसाहून बारीक. घोड्याची त्याला भीती वाटते आणि तो ते सरळ सांगतो. तरी लेकीसाठी, इलासाठी, त्याने घोडी घेतली, आणि घोडीचा ट्रेलर ओढायला यंदा नवा उंच ट्रकही.

या ट्रेलरची लांब मान ट्रकच्या हौद्यात येऊन तिथे बसवलेल्या लोखंडी गोळ्यावर बसते. मान आणि हौद्याच्या कडा यांत निदान सहा इंच मोकळे हवेत, असं इला बजावत होती. पण ट्रकच्या पूजेला आम्ही आठ इंजिनिअर मित्र जमलो. नारळ फुटला, पेढे झाले, आणि ट्रेलरचं नाक वर दिसतंय म्हणून मी त्यावर फोन ठेवून लेव्हल बघितली. मीच, दुसरं कोणी नाही. मग सगळ्यांनी मिळून बोल्ट सैल करून मान खाली घेतली. ट्रेलर अगदी सपाट झाला, अंतर राहिलं तीन इंच. इला तेव्हा तबेल्यावर होती. तिला विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

शनिवारी आम्ही तिघं वाळवंटातल्या कच्च्या रस्त्याने निघालो. कोरड्या ओढ्यात ट्रक तोंड खाली करून उतरला, ट्रेलर अजून वर सपाटीवरच. हौद्याची मागची कड वर उचलली गेली आणि मानेच्या पत्र्यात घुसली. घोडी आत लाथा झाडू लागली. पुढे जावं तर कड आणखी घुसणार, मागे वाळूचा चढ. मान गोळ्यावरून उचकटली तर ट्रेलर घोडीसकट कलंडणार होता.

"बाबा, ब्रेकवरून पाय काढू नको, ट्रेलरचा ब्रेकही त्यावरच आहे. आय ॲम गेटिंग हर आऊट," इला म्हणाली, आणि आम्ही अडवायच्या आत ट्रेलरमध्ये शिरली.

मी चाकांना दगड लावले. घाईत एक माझ्याच पायावर पडला. गुरुनाथ आरशात बघत होता. ती दिसते का, असं मला विचारत होता. दिसत नव्हती. लाथांचा दणदणाट, आणि मधूनच घोडीला चुचकारणारा तिचा आवाज. मग तिचा आवाज थांबला. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो.

बऱ्याच वेळाने मागचं दार उघडलं. घोडी घामाने निथळत बाहेर आली, दोर धरून मागोमाग इला, कोपर सोललेलं. घोडीला झाडाला बांधून ती खिडकीशी आली.

"बाबा, हँडब्रेक लाव आता. आम्ही दोघी बाहेर आहोत."

"तू बाहेर आहेस ना?" गुरुनाथने विचारलं. ती हो म्हणाली. त्याने पुन्हा विचारलं. तिने खिडकीतून हात घालून त्याचा खांदा धरला, तरी तो आरशातच बघत होता, आणि तिसऱ्यांदा तेच विचारत होता.