मान वर करणारं फूल

मला विचाराल तर म्युरियल प्रीसइतकी हट्टी बाई आमच्या ब्रॉकलो गावात दुसरी नाही. तीस वर्षं तिनं गावच्या शाळेत पोरांचं जेवण रांधलं. पुढे नवरा गेला, गुडघे गेले, पण हिचं हेलेबोरच्या फुलांचं वेड काही जाईना. भर थंडीत आमच्या सगळ्यांच्या बागा मेल्यासारख्या पडलेल्या असतात, तेव्हा हिच्या बागेत पांढरी, गुलाबी, जांभळी फुलं. त्यांची वाईट खोड एकच. हे फूल सदा मान खाली घालून असतं. बघायचं तर गुडघे टेकायचे आणि रुसलेल्या पोराची धरावी तशी त्याची हनुवटी धरून तोंड वर करायचं.

"मला आता वाकवत नाही," म्युरियल म्हणायची. "आता त्यानंच वर बघावं."

हे नुसतं बोलणं नव्हतं. ज्या झाडाचं फूल जरा कमी वाकतं त्याचा पराग ब्रशनं तसल्याच दुसऱ्या फुलाला लावायचा, बी ताजं असतानाच पेरायचं आणि चार वर्षं फुलाची वाट बघत बसायचं. असं तिनं तीनदा केलं. बारा वर्षं! तिसऱ्या खेपेची सगळी रोपं गेली, एक उरलं. ते तिनं फाटकाशी लावलं होतं आणि यंदा त्याला पहिली कळी येणार होती. म्युरियल एकोणऐंशीची. चौथी खेप तिच्या हातून व्हायची नाही, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

नाताळाआधी हेलेबोरची जुनी पानं छाटून टाकतात, म्हणजे मागून येणारी फुलं दिसतात. यंदा तिचं मनगट मोडलेलं, म्हणून कात्री माझ्या हातात आली.

"हे बघ थेल्मा, एक झाड झालं की कात्रीची पाती स्पिरिटमध्ये बुडवायची. दर झाडाला. काळा रोग असला तर पात्यावरून दुसऱ्याला जातो."

"हो गं बाई! मी काय तुझ्या शाळेतली पोर आहे?"

साठ झाडं होती. पंचावन्न झाडांना मी अगदी शहाण्यासारखी पाती बुडवली. मग गारठ्याचा पाऊस सुरू झाला, बोटं लाकडासारखी झाली आणि माझाच पाय लागून स्पिरिटचा डबा कलंडला. म्युरियल आत चहा करत होती. दुसरा डबा मागायचा म्हणजे आधी व्याख्यान ऐकायचं. कोणाला कळतंय, म्हटलं आणि उरलेली पाच तशीच छाटली. आधी भिंतीकडची जुनी गुलाबी, मग सफरचंदाखालची पांढरी, मग फाटकाशी गेले. तिथून घराकडे येताना शेवटची दोन.

जानेवारी संपता संपता भिंतीकडच्या गुलाबीच्या कोवळ्या पानांवर काळं दिसलं.

म्युरियल भिंग घेऊन, दारातली खुर्ची ओढत तिथे जाऊन बसली. "गोल डाग असले तर साधी बुरशी. शिरांवरून रेघा असल्या तर संपलं. तुला काय दिसतंय?"

मला रेघा दिसत होत्या. "थंडीनं असेल," मी म्हणाले. आठवड्यानं सफरचंदाखालच्या पांढरीवरही तेच. मी रोज काही ना काही निमित्त काढून तिच्याकडे जायची आणि आधी फाटकाशी थांबायची. तिथली कळी फुगत होती. पान हिरवंगार. रोज जीव भांड्यात पडायचा आणि घरी पोचेपर्यंत पुन्हा टांगणीला लागायचा. सांगू का तिला? सांगितलं तर ती फाटकाशी कुदळ घालणार. नाही सांगितलं तर फूल तरी बघेल. अशी मी स्वतःची समजूत घालत होते. खरं सांगायचं तर मी तिच्या तोंडाला घाबरत होते.

शेवटी तिनं रोपवाटिकेतल्या इडवल ह्यूजला बोलावलं. त्यानं दोन्ही झाडं पाहिली आणि टोपीच काढली.

"मिसेस प्रीस, काळा रोगच आहे. ही दोन्ही पिशवीत बांधून टाका. खताच्या ढिगात नको."

"पण ही दोन झाडं इतकी लांब लांब!" म्युरियल म्हणाली. "मधली सगळी धडधाकट आणि नेमकी हीच? हे येतंय कुठून?"

ती साठ झाडांवरून नजर फिरवत होती, एकेक मोजत असल्यासारखी. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. मला ते बघवेना.

"माझ्याकडून," मी म्हणाले. आणि डबा कलंडल्यापासून सगळं सांगितलं, क्रमासकट.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिनं एवढंच विचारलं, "सफरचंदाखालच्यानंतर कुठलं?"

"फाटकाशी."

"मग तेही काढ. आणि घराजवळची दोन."

"अगं, त्यावर अजून एक डाग नाही! पंधरा दिवस थांब. फूल तरी बघ!"

"आणि तोवर माव्याच्या किड्यांनी रोग पसरवला म्हणजे? पंचावन्न झाडं आहेत, थेल्मा. शाळेत एका पोराला उलटी झाली की मी अख्खं पातेलं ओतून द्यायची. चव बघत नव्हते बसत."

मी खणलं. इडवलनं पिशव्या धरल्या. कळी अर्धी उमललेली होती. ती तेवढी मी मागून घेतली आणि म्युरियलच्या काचेच्या वाडग्यात पाण्यावर सोडली. फेब्रुवारीत चर्चच्या बागदिवसाला गावकरी बाग बघायला येतात, तेव्हा दारातल्या टेबलावर ती याच वाडग्यात फुलं तरंगत ठेवते.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर फूल पूर्ण उमललेलं. फिकट पिवळं, आत लालसर ठिपके, तोंड थेट छताकडे.

"म्युरियल! अगं बघ, वर बघतंय!"

तिनं चष्मा लावला. गुडघे न टेकता, हनुवटी न धरता, खुर्चीवर बसल्या बसल्या ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

"पाण्यावर सगळीच वर बघतात गं," ती म्हणाली आणि वाडगा हळूच स्वतःकडे ओढून घेतला.