सात नंबरची आरा मशीन

सत्तर-बहात्तरची गोष्ट असेल. बी.एस्सी. झाल्यावर मला शहरातल्या सदर भागातल्या एका सरकारी कचेरीत सहा महिन्यांची नोकरी लागली. जिल्ह्यात वर्षाला किती लाकूड तुटतं, याचा अंदाज लाकूड वाहून नेण्याच्या सरकारी पासांवरून काढत. तो नेहमी कमी भरे. म्हणून आरा मशिनींवर जाऊन प्रत्यक्ष किती ओंडके चिरले ते विचारायचं ठरलं. पण बिनपासाचा माल उघडा पडेल म्हणून मालक पासावरचेच आकडे सांगत.

भिवापूरकडच्या एका मशीनवर नवऱ्यामागं धंदा सांभाळणारी बाई होती.

"खरं सांगतलं तर मले धरून नेतीन ना वं?" तिनं विचारलं.

"फॉर्मवर नाव नाही, फक्त नंबर. नावांची यादी माझ्याजवळच राहील."

तिनं आतून खऱ्या हिशेबाची घरची वही आणून पुढे केली. पासांपेक्षा माल कितीतरी जास्त होता. मग तिच्या शब्दावर आसपासचे दोघं मालकही बोलले.

महिन्याभरानं छापे घालणाऱ्या दुसऱ्या शाखेतले एक साहेब माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. हातात आमचे फॉर्म.

"हा सात नंबर कोणाचा?"

सात नंबर त्या बाईचा होता. यादी मांडीवरच्या पर्समध्ये होती.

"आठवत नाही, साहेब."

"यादी असेल ना?"

"फाडून टाकली."

त्यांनी पर्सकडे पाहिलं. "उद्या आठवून या," एवढंच बोलून गेले. मी तडक संडासात गेले, यादीचे बारीक तुकडे केले आणि चार बादल्या पाणी ओतलं.

सकाळी आमच्या मुख्यांना सगळं सांगितलं. नोकरी गेली असंच धरून चालले होते. ते चिडले. "खोटं काहून बोलली? माझ्याकडे यायचं होतं." पण साहेबांना त्यांनीच परत पाठवलं, आणि पुढे बेरीज झाली की यादी नष्ट करायची, असा लेखी नियम केला. नवा, वाढीव अंदाज वरिष्ठांकडे गेला. माझे सहा महिने संपले.

त्या बाईला धरून नेतील ही भीती मात्र गेली नाही. छाप्याची बातमी दिसली की मी तिच्या गावाचं नाव आधी शोधायची. शेवटी एका रविवारी एस.टी.नं तिकडे गेले. रस्त्यावरूनच तिच्या मशीनची करवत चालू असल्याचं ऐकू आलं. आत जायची हिंमत झाली नाही. समोरच्या टपरीवर चहा घेतला आणि परतीची गाडी धरली.