दोनदा तळणारी जपानीण

शारजात आमच्या समोरच्या फ्लॅटमधली जपानीण कोंबडी दोनदा तळायची. मी तोंडावर विचारलं, "बाई, तेल फुकट आलंय का?" वॉचमनकडून उचललेल्या हिंदीत ती म्हणाली, "बाबा, पहला टाइम पकता. फिर आराम. दूसरा टाइम कुरकुर."

ती त्याला कराआगे म्हणायची. आलं, लसूण, सोया सॉसमध्ये मुरवलेलं मांडीचं मांस, वर बटाट्याचं पीठ. मिरची नाही, हळद नाही. मी म्हणायचो, आजाऱ्याची कोंबडी. माझी बायको मात्र बोटं चाटून खायची, आणि जपानिणीची निळी ताटली परत देताना त्यात कोथिंबीर वडी घालायची. रिकामी ताटली आमच्यात परत करत नाहीत.

बायको गेली. मुलगा-सून दिवसभर दुबईत. मी चहा-बिस्किटांवर आलो, पँट कमरेवर राहीना. जपानीण ताटली घेऊन आली, वर लिंबू, बाजूला कोबी. "तळलेलं नको," मी म्हणालो.

नात म्हणाली, "आजोबा, इट्स प्रोटीन. यू नीड इट."

"रोज नहीं, बाबा," जपानीण म्हणाली. "आज."

मी हात लावला नाही. नातीने संपवलं. ताटली ओट्यावर पडून राहिली. शेवटी जपानीण मागायला आली.

"खाली नहीं देते," मी म्हणालो. "भरनेवाली गई."

"तो आप भरो." खुर्ची ओढून बसली. उठेचना.

मी पोहे केले, ताटलीत घातले. खाली लागले, मीठ जास्त. अर्धे तिने खाल्ले, अर्धे माझ्याकडे सरकवले. मी रडत खाल्ले. मग बघतो तर ताटली पुन्हा रिकामी! ती हसली. "कल फिर, बाबा."

तसं करत करत तिने मला कराआगे शिकवलं. पहिल्या तळणीनंतर मी 'यल्ला, यल्ला' म्हणत घाई करायचो, ती झारा धरून ठेवायची. "यल्ला नहीं, बाबा. आराम."

तिच्या नवऱ्याची बदली झाली. निघताना ताटली भरून देऊन गेली. "वापस किसको दूँ?" मी विचारलं. तिने स्वतःच्याच दाराकडे बोट दाखवलं. "कोई आएगा."

आता तिथे मल्याळी कुटुंब आलंय. कोंबडी खातात का, आधी विचारून घेतलं. आज दोनदा तळली, मध्ये आराम दिला, वर लिंबू ठेवलं. घरच्यांसाठी काढली त्यातले तुकडे मीही खाल्ले. पँट आता कमरेवर राहते.

ताटली समोर गेली आहे. रिकामी परत आली तरी चालेल. मला भरता येते.