टकुरं केबिनमध्ये मावंना

डॉक्टरकीची परीक्षा दुसऱ्यांदा द्यायला लातूरला रिपीटर म्हणून आलो तेव्हा बापानं अभ्यासिकेत केबिन घेऊन दिली. केबिन म्हणजे तीन बाजूंनी प्लायवूड अन् चौथ्या बाजूनं मी. समोरच्या फळीवर माझ्या आधीच्या कुण्या रिपीटरनं पेनानं कोरून ठेवलं होतं, 'आई, ने की गं.' बाकी सोय लई चांगली होती. चार्जिंगचा पॉईंट बी होता.

बिलोलीत मी एका जागी बसून कधी अभ्यास केलाच न्हाई. शेळीपुढं उभा राहून करायचो, एकेका मास्तराचा आवाज काढत. शेळी लई शिकली. मला नक्कल केल्याशिवाय आठवतच न्हाई. शाळेत इतिहासाच्या बाई पदर खांद्यावर ओढल्याशिवाय सन सांगत नसायच्या, म्हणून पेपरात मी बी आधी खांदा उडवायचो अन् मग सन लिहायचो. लातूरच्या क्लासातल्या फिजिक्सच्या सरांचं तसंच. आधी प्यांट वर ओढणार, नाकातून "हं" काढणार, अन् मग फॉर्म्युला. मी प्यांट ओढली की मला बी यायचा. नुसतं बसून वाचलं की अक्षरं दिसायची, आत काय बी उतरायचं न्हाई. टकुरं गच्च.

बापानं बजावलं होतं, "महिन्याच्या टेस्टात मार्क वाढले तर राहा. न्हाई वाढले तर गादी गुंडाळ अन् मामाच्या स्पेअरपार्टच्या दुकानात येऊन बस." म्हणजे हितं प्लायवूड, तिथं काउंटर. पण काउंटरवर बसलं की डॉक्टरकी संपली, एवढं मला कळत होतं.

शेजारच्या केबिनमध्ये देगलूरचा एक पोरगा होता. त्याचा बाप टेलर. पोरगा वाचायला लागला की मागं-पुढं झुलायचा अन् त्याची खुर्ची कुई-कुई करायची. पहिले दोन-तीन दिवस मी फळी बडवली.

"अबे, झोपाळ्यावर बसलास का?"

"हिले बगैर पढना कैसा रे? लहानपणी मशिदीतल्या मकतबमध्ये असंच शिकलो. मी थांबलो की सबक बी थांबतो."

मग एकदा दुपारी, बाकीची पोरं मेसला गेलेली, मी त्याच्या कुई-कुईच्या ठेक्यावर सरांचा आवाज काढला. काय मेळ बसला राव! तो डोळे मिटून झुलायचा, मी पुढं उभा राहून प्यांट ओढायचो, हवेत हात फिरवायचो, "हं" म्हणायचो. धडेच्या धडे दोघांच्या बी डोक्यात जायला लागले. आम्ही रोज मेसला उशिरा जायला लागलो. डाळ गार, पण मॅग्नेटिझम पाठ.

आता अभ्यासिकेचे काका खाली बसून कॅमेऱ्यात बघायचे. कॅमेऱ्याला आवाज न्हाई. त्यांना काय दिसलं असंल? एक पोरगा डोळे मिटून घुमतोय अन् दुसरा त्याच्यावरून हात ओवाळतोय. काका जिना चढून वर आले ते कानाला फोन लावूनच.

"कुणाच्या अंगात आलंय?"

"कुणाच्याच न्हाई, काका."

"मी बघितलं की! हा घुमून राहिला अन् तू उतरवून राहिलास."

"काका, मैं तो फिजिक्स पढ रा था," देगलूरवाला म्हणला.

काकांनी त्याच्याकडं बघून हात जोडले. "कोण हायेस बाबा तू? कुठनं आलास?"

हितं मी गप बसायला पाहिजे होतं. पण माझी प्यांट आपोआप वर गेली. सरांच्या आवाजात म्हणलं, "हं. मी फिजिक्स हाय."

काका दोन पायऱ्या खाली. फोनवर माझा बाप होता, त्याला सगळं ऐकू गेलं. स्पीकरवरनं त्याचा आवाज आला, "अंगात-बिंगात काय न्हाई हो, नकला करून राहिला असंल. एका जागी बसवा त्याला. हलू देऊ नका."

काकांनी आम्हाला दोन टोकाला बसवलं. मला बरोबर कॅमेऱ्याखाली. मान जरी वळवली तरी खालनं हाक यायची, "एऽ बिलोली!" मी बसायचो. पाय हलवायचो न्हाई, ओठ हलवायचो न्हाई. एकच ओळ वाचायचो अन् पुन्हा तीच वाचायचो. तिकडून कुई-कुई यायची बंद झाली होती, त्याची बी खुर्ची बदलली होती, प्लास्टिकची दिली होती. माझा अभ्यास म्हणजे अर्धा त्याच्या खुर्चीत होता, हे मला तवा कळलं. दोघं बी मेसला वेळेवर जायला लागलो. डाळ गरम, टकुऱ्यात काय न्हाई.

टेस्टला प्रश्न आला, तारेतून करंट असा वर चाललाय, तर फील्ड कुठल्या बाजूनं? ह्याला तर उजवा अंगठाच लागतो. मी अंगठा वर केला. पर्यवेक्षक मॅडम पुढ्यात.

"मला ठेंगा दाखवतोस?"

"न्हाई मॅडम, मॅग्नेटिक फील्ड हाय."

"हात बाकावर. दोन्ही."

हात बाकावर पालथे ठेवले अन् आतला दिवाच गेला. पेनासाठी एक हात उचलायचा तेवढाच, की पुन्हा खाली. मामाचं काउंटर दिसायला लागलं, त्यावरचा बेअरिंगचा डबा बी दिसला. देगलूरवाला माझ्या पुढं बसला होता, एकदम काठीसारखा ताठ. त्याला बी तंबी मिळालेली. पण कुठलातरी अवघड प्रश्न आला असणार, कारण त्याचे खांदे जरासे, लई बारीक, मागं-पुढं व्हायला लागले. मी त्या पाठीकडं बघत राहिलो. बघता बघता नाकात "हं" आलं. फॉर्म्युला आला. त्याच्यामागनं दुसरा आला. भराभर गोल काळे करत सुटलो.

तेवढ्यात मॅडम मधी येऊन उभ्या राहिल्या.

"मॅडम, जरा बाजूला सरका ना."

"का? त्याच्या पेपरात बघायचंय?"

"पेपरात न्हाई मॅडम. पाठीत."

सगळा वर्ग हसला, देगलूरवाला सोडून. मॅडमनी माझा बाक उचलायला लावला अन् भिंतीकडं तोंड करून ठेवला. राहिलेले प्रश्न मी चुन्याकडं बघत सोडवले, म्हणजे सोडवले न्हाईतच, गोल तेवढे काळे केले.

पण पाठ दिसत होती तोवर जे लिहिलं होतं, तेवढ्यावर मार्क वाढले. थोडेच, पण वाढले. काकांनी लगेच बिलोलीला फोन लावून कळवलं, न हलवता बसवल्याचा गुण आला म्हणून. मग बापाचा मला फोन.

"बघ, गप बसलास की कसं जमतं. आता काकाला सांगितलंय, वर्षभर तुला त्याच जागेवर ठेवा म्हणून. बरं हाय का न्हाई?"

काका पुढ्यातच उभे होते. मी हाव म्हणलं.