आठ अक्षरांचं दुखणं
आबांची सोनोग्राफी सोमाटण्याला झाली. डॉक्टर एका दमात म्हणाले, "हेपॅटोस्प्लीनोमेगॅली." मी त्यांना दोनदा म्हणायला लावलं. आबा, माझे वडील, शर्टाची बटणं लावत ऐकत होते. "रक्त तपासू, सोमवारी या," एवढं बोलून डॉक्टर पुढच्या पेशंटकडे वळले.

गावी, भाज्याला, घरी पोचलो तर ओसरीवर माणसं जमलेली. आमच्याकडे समाचाराला आलेल्यांना आजाराचं नाव सांगावंच लागतं, नाहीतर लपवतायत म्हणतात. मी सांगितलं. मग शेजारची मावशी म्हणाली, "येवढं लांब नाव? मंग साधंसुधं न्हाई बाई ते." आईचा चेहरा पांढराफटक पडला. मला मावशीचा इतका राग आला की तिला चहासुद्धा विचारला नाही.

माणसं पांगल्यावर मी आईला आत बसवलं. मी लोणावळ्यात मराठी शिकवते, समासाचा विग्रह हे माझं रोजचं काम. शब्द फोडला की आईची भीती जाईल, असं मला वाटलं. सगळा मामला ग्रीक. हेपॅटो म्हणजे यकृत.

"मटणात कलेजी असती, ती?"

"तीच. स्प्लीनो म्हणजे प्लीहा, आपली पानथरी. मेगॅली म्हणजे वाढणं."

मग मोबाइलवर उच्चार ऐकवला. त्यातली बाई बाकीची अक्षरं भराभर उरकायची आणि 'मे'वर येऊन जोर द्यायची. आपण मराठीत असं एकाच अक्षराला दाबत नाही. वाढण्यावरच एवढा भर का? त्यात काही अर्थ आहे, की ती त्यांची नुसती बोलायची रीत? मी पुन्हा पुन्हा लावून ऐकलं आणि प्रत्येक वेळी जास्तच गोंधळले. पोरांना मोठ्या तोऱ्यात शब्द फोडून दाखवणारी मी, एका 'मे'पाशी अडून बसले होते. बाहेर आबा वाटेवरच्या कुणाला तरी भाताच्या पिकाचं विचारत होते.

आईने मात्र तुकडे नीट पाठ केले. कलेजी, पानथरी, वाढली. एकेक बोट मिटत तिने ते म्हणून पाहिले. मग पुढचं बोट धरून माझ्याकडे बघितलं.

"आन कशानं वाढली, ते कंच्या अक्षरात हाय?"

मी शब्द पहिल्यापासून पुन्हा म्हणून पाहिला.

"कुठल्याच नाही," मी म्हणाले, आणि इतका वेळ व्याकरणात गुंतलेली मी तेव्हा पहिल्यांदा सोमवारला किती दिवस उरले ते मोजू लागले.