भाकर राह्यली

पहिलेच सांगून टाकते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. मोताळ्याला आमच्या घरासमोरच्या तिठ्यावर लोक उतारे टाकायचे, आणि शाळेत असताना त्यातला नारळ उचलून आम्ही बहिणींनी फोडून खाल्लेला आहे. आईने पाठीत धपाटे घातले ते वेगळं, बाकी आम्हाला काहीच झालं नाही. आता मी इंग्लंडमध्ये एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर रक्ताच्या नळ्या आणि मशीन. मशीनवर दिसत नाही ते नाहीच, असा माझा साधा खाक्या. तेव्हा हे लिहितेय ते पुष्कळ विचार करून लिहितेय. कमेंटमध्ये कृपया मला शांती-बिंती सुचवू नका.

मागच्या उन्हाळ्यात सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या होत्या. मंगलाबाई, मुक्काम धामणगाव बढे. घरी शेती, दोन म्हशी, आणि गावात कोणालाही तोंडावर बोलायची हिंमत. प्रशांतने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, समुद्रकाठी खोली बुक केली आणि ऐन वेळी त्याची सुट्टी रद्द झाली. मी म्हटलं, पैसे भरलेत, आम्ही दोघी जातो.

"सासू-सून दोघीच?" आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या. "वैशाले, मले समुद्रात ढकलून येशीन त प्रशांतले काय सांगशीन?"

"पाय घसरला म्हणून सांगीन," मी म्हटलं. त्या खूश झाल्या. आमचं असंच चालतं.

जागा इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर. नाव मुद्दाम देत नाही, लोक लगेच रील काढायला धावतील. किनाऱ्यासमोर एक छोटं बेट आहे. ओहोटी लागली की मधलं पाणी ओसरतं आणि ओल्या वाळूवरून चालत तिथे जाता येतं. वाट चुकू नये म्हणून लाकडी खांब रोवलेत. दोन्ही टोकांना फलक आहेत, कुठल्या वेळेत जायचं-यायचं ते त्यावर रोज लिहिलेलं असतं.

खोलीला छोटं स्वयंपाकघर होतं. आईंनी बॅगेतून आणलेल्या पिठाच्या ज्वारीच्या भाकरी सकाळी थापल्या आणि धुराचा अलार्म वाजवून अख्खी इमारत जागी केली. भाकरी, ठेचा, कांदा, सगळं कापडी पिशवीत. लुगड्यावर प्रशांतचं जॅकेट आणि पायात माझे बूट, अशा थाटात आई बेटावर निघाल्या. येणारा-जाणारा बघून हसला की त्याही हात हलवायच्या.

बेटावर काळ्या खडकांवर बसून जेवलो. मग उन्हात आईंचा डोळा लागला. मी उठवलं नाही. आयुष्यात दुपारी झोपलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

निघालो तेव्हा फलकावरची वेळ उलटून गेली होती. फार नाही, थोडीच.

"पाटीवर काय लिहेल हाय?" आईंनी विचारलं.

"उशीर झाला म्हणतात. काही होत नाही, चला."

"तू शिकेल हायस, तुले कळते," त्या म्हणाल्या आणि चालायला लागल्या.

आता माझं काय चुकलं ते सांगते, कारण ही चूक आमच्याकडचंच माणूस करू जाणे. आम्ही नळगंगा नदीच्या खोऱ्यातली माणसं. पूर आम्हाला ओळखता येतो. वर डोंगरात काळं होतं, लांबून आवाज येतो, गढूळ लोंढा दिसतो, मग माणूस काठावर थांबतो. मी सवयीने किनाऱ्यामागच्या टेकड्यांकडे पाहिलं. आकाश लख्ख. आवाज नाही. समोर किनाऱ्यापर्यंत वाळू उघडी, आमच्या खोलीचं लाल छप्परसुद्धा दिसत होतं. मग पाणी येणार कुठून? समुद्र गुपचूप बाजूने येतो आणि आधी मधला खोलगट भाग भरून तुमचा पुढचा रस्ता तोडतो, हे बुलढाणा जिल्ह्यात कोण कोणाला शिकवणार? मला खात्री होती. मला नेहमीच खात्री असते.

थोडं अंतर गेल्यावर मी मोबाइल काढला आणि उलटी चालत आईंचा व्हिडिओ घ्यायला लागले. म्हणजे माझं तोंड बेटाकडे होतं, आईंची पाठ बेटाकडे. हे नीट लक्षात ठेवा.

"प्रशांतला काहीतरी सांगा," मी म्हटलं.

"काय सांगू? पाह्य रे बापा, याले समुद्र म्हनतेत, अन् इथी पान्याचा ठिपका नाई—"

तेवढ्यात हाक आली.

"शेवंतेऽऽ... भाकर राह्यली वं!"

बाईचा आवाज. खणखणीत, एका वावरातून दुसऱ्या वावरात मारावी तशी हाक. बेटाच्या बाजूने आली. वारा किनाऱ्याकडून बेटाकडे वाहत होता, म्हणजे खरं तर तिकडचा आवाज आमच्यापर्यंत यायलाच नको. आणि मी तिकडेच बघत होते. मोकळी वाळू, पलीकडे खडक... चिटपाखरू नाही.

आई गर्रकन वळल्या. मी विचारलं, "शेवंता कोण?"

त्या सरळ परत निघाल्या होत्या. तेव्हा माझ्या लक्षात आलं, भाकरीची पिशवी खरंच त्यांच्या खांद्याला नव्हती.

"आई, राहू द्या हो! दोनच भाकरी होत्या!"

त्यांनी ऐकलंच नाही. गुडघेदुखीमुळे जिना चढताना दोनदा बसणारी बाई वाळूतून अक्षरशः पळत होती. मी चिडून मागून. पिशवी खडकावर होती, ठेवली होती तशीच. आजूबाजूला कोणी नाही. मी खडकामागे जाऊनसुद्धा बघून आले.

मग मागे वळले.

मधला भाग गेला होता. आत्ता आम्ही जिथे पोचलो असतो, नेमक्या त्याच पट्ट्यात राखाडी पाणी पसरलं होतं. आवाज नाही, फेस नाही. नुसतं चढत होतं. वाटेचे खांब अर्धे बुडाले होते. आम्हा दोघींपैकी एकीलाही पोहता येत नाही. आणि खोल पाणी आणि लुगडं... मी पुढचा विचार केला नाही. खाली बसले आणि हमसून हमसून रडले.

"आई, मी तुम्हाला मारलं असतं."

आईंनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पण त्यांचं लक्ष माझ्याकडे नव्हतं. त्या खडकांकडे बघत होत्या.

"शेवंता म्हंजे मीच वं," त्या म्हणाल्या.

त्यांचं माहेर सुलतानपूर, लोणार तालुक्यातलं. माहेरचं नाव शेवंता. लग्नात ताटातल्या तांदळात नवं नाव लिहिलं गेलं, मंगला, आणि त्या दिवसापासून त्या मंगला झाल्या. आपल्याकडे पद्धतच होती, कोणी विचारत नव्हतं. माहेरी धाकटे भाऊ अक्का म्हणायचे. शेवंता म्हणणारी एकच उरली होती, त्यांची माय. आणि ती लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तापाने गेली.

"वावरात जाची मले भलती घाई राहे," आई सांगत होत्या. "भाकर घरीच राहे. माय दारातून हाक मारे. अशीच. हाच आवाज, वैशाले. मी काऊन नाई वळखनार?"

"मीही ऐकलं, आई."

"हाव?" त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. "तुले बी ऐकू आलं?" आणि मग त्या रडल्या. त्यांना रडताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं.

पुढची ओहोटी लागेपर्यंत आम्ही बेटावरच थांबलो. त्या दोन भाकरी आईंनी ठेच्याबरोबर चवीने खाल्ल्या, मला अर्धी दिली. संध्याकाळी उन्हातच (इथे उन्हाळ्यात रात्री नऊपर्यंत उजेड असतो), फलकावरची वेळ तीन वेळा वाचून, हात धरून परत आलो.

खोलीवर आल्याबरोबर मी व्हिडिओ लावला. मला वाटलं, आता सापडेल. आई बोलताहेत, वारा घोंघावतोय, "ठिपका नाई"... आणि मग नुसता वारा. हाक नाही. आई अचानक वळतात, आणि माझाच आवाज स्पष्ट विचारतो, "शेवंता कोण?"

तो व्हिडिओ मी कितीदा ऐकला असेल! आवाज वाढवून, हेडफोन लावून.

मी काही अशीच सोडणारी नाही. पिशवी विसरल्याचं माझ्या डोळ्यांनी टिपलं असेल आणि मेंदूने आवाज तयार केला असेल, असं एक डॉक्टर मैत्रीण म्हणाली. चला, मान्य. पण नाव? पासपोर्टवर मंगला, आधारवर मंगला. प्रशांतलासुद्धा आईचं हे नाव माहीत नव्हतं. त्याने सुलतानपूरला मामांना फोन लावला आणि विचारलं, शेवंता कोण?

"कोनं सांगतलं बे तुले?" ते म्हणाले. "ते नाव त मायसंग गेलं."

जे नाव मला कोणी कधी सांगितलंच नव्हतं, ते माझ्या मेंदूने आणलं कुठून, हे मैत्रिणीलाही सांगता आलं नाही. मलाही येत नाही. माझ्या मशीनवर हे बसत नाही, बस. मी अजूनही तिठ्यावरचा नारळ उचलून खाईन. फक्त "असं काही नसतंच" हे वाक्य आता माझ्या तोंडून निघत नाही.

या हिवाळ्यात आम्ही धामणगावला गेलो होतो. पहिल्याच सकाळी आई वावरात निघाल्या आणि भाकरीचं गाठोडं ओट्यावरच राहिलं. मी ते उचलून हाक मारणार, तर सासऱ्यांनी हात आडवा केला.

"राहू दे. तिकडून आल्यापासून रोजचंच हाय तिचं."

आई लिंबाच्या झाडापर्यंत गेल्या आणि थांबल्या. आमच्याकडे पाठ करून, पदर कानामागे सारून, उभ्या राहिल्या. रस्त्याने एक ट्रॅक्टर गेला. तो आवाज विरेपर्यंत त्या हलल्या नाहीत. मग सावकाश परत आल्या.

मला हाक मारता आली असती. नाव माहीत होतं, शब्द माहीत होते. पण ती हाक मारायचा हक्क माझा नव्हता, म्हणून मी गाठोडं त्यांच्या हातात दिलं.

"इसरली व्हती," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे न बघता, हळूच, "आज नाई मारली तिनं."